गाडी बंद पडणार, हे धरूनच निघा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



काल रक्तदाब आणि साखरेवर बोलणं झालं, रात्री गाणी झाली, आणि आज नाश्त्यानंतर गाड्यांवर बोलायला मला उभं केलंय. कारण तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात आपण कोल्हापूरहून गणपतीपुळ्याला निघतोय आणि बस न करता आपापल्या गाड्या काढायचं ठरलंय. संयोजकांनी गाड्यांची यादी माझ्याकडे पाठवली. १४ गाड्या आहेत. त्यातल्या ९ गाड्या दहा वर्षांपेक्षा जुन्या, आणि तिघांच्या तर १५ वर्षं पूर्ण होऊन नोंदणीचं नूतनीकरण झालेल्या. त्यातल्याच दोन गाड्यांत आपले सर आणि बाई बसणार आहेत. आयुष्यभर गॅरेज चालवलेल्या माणसाला अशी यादी वाचून झोप लागत नाही.

जुनी गाडी नेऊ नका, असं मी सांगणार नाही. जुन्या गाडीचा एक गुण असतो. मालकाला तिचे आवाज पाठ असतात, ती कुठे कुरकुरते हे त्याला माहीत असतं. पण आपल्याकडे लांब निघताना सगळे एकच प्रश्न विचारतात, "गाडी बंद तर नाही ना पडणार?" मेकॅनिक म्हणतो, "काही होत नाही, बिनधास्त जावा." दोघांचंही समाधान होतं. माझं म्हणणं असं, की हा प्रश्नच सोडून द्या. गाडी बंद पडणार आहे, असं धरून चाला. मग प्रश्न उरतात ते असे: ती बिघडतेय हे मला वेळेवर कळेल का? मी तिला बऱ्या जागी थांबवू शकेन का? आणि थांबल्यावर आतली माणसं सुखरूप राहतील का? या तीन प्रश्नांची तयारी झाली, तर बंद पडलेली गाडी म्हणजे फक्त दोन तासांचा खोळंबा. तयारी नसेल, तर त्याच बिघाडाचा अपघात होतो.

आपला रस्ता सोपा वाटतो. कोल्हापूर, बांबवडे, मलकापूर, आंबा, मग घाट उतरून साखरपा, पाली आणि पुढे समुद्र. पण त्या एका आंबा घाटात दोन परीक्षा आहेत. जाताना ब्रेकची आणि येताना रेडिएटरची. सपाटीवर वर्षभर गावात फिरणारी गाडी या दोन्ही विषयांत कधी बसलेलीच नसते.

सुरुवात रबरापासून करू. जुन्या गाडीत लोखंड सहसा दगा देत नाही, रबर देतं. आणि रबर किलोमीटरवर जात नाही, वयावर जातं. म्हणून "माझी गाडी फिरलीच कुठे आहे, फक्त ४० हजार झालेत" हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका. टायरच्या बाजूला डॉट या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. सहा वर्षांच्या पुढचा टायर असेल, तर नक्षी कितीही चांगली दिसू दे, जाणकाराकडून तपासून घ्या. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या, तर तपासायचीही गरज नाही, बदला. हेच आकडे स्टेपनीवरही वाचा. पुष्कळ गाड्यांत स्टेपनी गाडीच्याच वयाची असते.

बॉनेट उघडून, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचे जाड पाइप बोटांनी दाबून बघा. पिकल्या केळ्यासारखा मऊ लागला किंवा दाबताना करकरला, तर त्याचे दिवस भरले. जोडापाशी पांढरट किंवा हिरवट खार जमला असेल, तर तिथून पाणी झिरपतंय. फॅन बेल्ट उलटा करून आतल्या बाजूच्या चिरा बघा. ज्यांच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, त्यांनी तो शेवटचा कधी बदलला याचं बिल शोधावं. बिल सापडत नसेल, तर बदललेला नाही असंच समजायचं. बाकी बेल्ट तुटला तर गाडी थांबते. टायमिंग बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग इंजिनच खोलावं लागतं. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांचे इंधनाचे पाइपही बघून घ्या. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जुन्या गाड्यांचं रबर त्या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं. पेट्रोलचा वास येत असेल, तर "थोडासा येतोच" म्हणून सोडायचं नाही.

ही सगळी कामं निघण्याच्या आदल्या दिवशी काढू नका. लोक शुक्रवारी संध्याकाळी गाडी आणून टाकतात आणि शनिवारी पहाटे निघायचं असतं. नवीन बसवलेला पाइप, नवीन क्लिप, नवीन पार्ट, यांतलं जे चुकायचं असतं ते पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये चुकतं. ते गावातल्या गावात चुकू द्या. काम तीन आठवडे आधी करा, मग एकदा पन्हाळ्याला किंवा जोतिबाला जाऊन या. चढही होईल, दर्शनही होईल. परत आलात की गाडीखाली रात्रभर जुना पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर कुठे डाग पडलाय ते सांगेल काय गळतंय.

आता परतीचा चढ. गाडी गरम होणं म्हणजे काय, हे आपल्याला शाळेतच शिकवलंय. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. रेडिएटर म्हणजे प्रेशर कुकर, आणि त्याचं झाकण म्हणजे शिट्टी. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही. आणि तुम्ही घाईने झाकण फिरवलं, की दाब एकदम उतरतो आणि ते सगळं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. हात-तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. कुकरची शिट्टी पडायच्या आत झाकण न उघडणारी माणसं रेडिएटरचं झाकण मात्र उघडतात.

म्हणून नियम असा. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला, की एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि हीटर पूर्ण गरमवर. घामाच्या धारा लागतील, पण इंजिनची तेवढी उष्णता बाहेर येते. तरी काटा चढत राहिला, किंवा वाफ दिसली, तर बऱ्या जागी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. अर्धा-पाऊण तास काही करायचं नाही. मग जाड फडक्याने झाकण थोडंसं फिरवायचं, सूं आवाज पूर्ण थांबू द्यायचा, आणि नंतरच उघडायचं. पाणी हळूहळू घाला. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर लोखंडाला तडा जाऊ शकतो. आणि चढ चढताना गाडी वरच्या गिअरमध्ये धापा टाकत ओढू नका. खालचा गिअर घ्या, इंजिन मोकळं फिरू द्या, म्हणजे पाण्याचा पंपही जोरात फिरतो.

घरी करायची एक साधी परीक्षा आहे. गाडी अंगणात चालू ठेवून उभी करा. इंजिन तापलं की रेडिएटरचा विजेवरचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा आणि थोड्या वेळाने बंद व्हायला हवा. नाही झाला, तर घाटात जाण्याआधी माझ्याकडे या.

जातानाच्या उताराला ब्रेक हा विषय. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. वेग इंजिनने धरायचा, ब्रेक फक्त वळणापुरता. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात, आणि ब्रेक ऑइल उकळलं की पॅडल स्पंजासारखं आत जातं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत न उकळता राहतं, पण ओल शोषलेल्या ऑइलला १४० अंशही पुरतात. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चाललेली असो की नसो. आपल्यापैकी कोण कोण उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतं, हे मी विचारणार नाही, हात वर होतील आणि सर बसलेत समोर. एवढंच सांगतो, की इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर घालून, पाय उचलून उतरताना इंजिन पेट्रोल घेणंच बंद करतं. न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यापुरतं पेट्रोल जळत राहतं. म्हणजे न्यूट्रलने पैसेही वाचत नाहीत.

आणि इंजिन उतारावर अचानक बंद पडलं तर? किल्ली काढायची नाही. किल्ली काढली की स्टिअरिंग लॉक होतं. ब्रेकला इंजिनची जी मदत असते, ती दोन-तीन दाबांपुरती शिल्लक राहते. तेव्हा पॅडल पंप करत बसायचं नाही, एकदा दाबून धरायचं. नंतर पॅडल दगडासारखं कडक होतं, तरी ब्रेक लागतो, दोन्ही पायांनी जोर लावावा लागतो. हे आज ऐकून ठेवा. त्या क्षणी आठवायला वेळ नसतो.

बॅटरीचं थोडक्यात. तिची खरेदीची तारीख बघा. चार वर्षं झाली असतील आणि सकाळी सेल्फ दमल्यासारखा फिरत असेल, तर घरीच बदला. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुकटी असेल तर कोमट पाण्याने धुवा, कोरडं करा, व्हॅसलीन लावा. "बॅटरी गेली" म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांत फक्त टर्मिनल ढिलं असतं. आणि चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ काटाही वर चढू लागला, तर बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याचा अर्थ फॅन बेल्ट तुटला असा असतो, कारण पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो. तिथेच थांबा.

आता डिकी. स्टेपनी हा शब्द कुठून आला ठाऊक आहे का? वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे जादा चाक बनवणारा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाला. कारखाना गेला, शब्द आपल्याकडे राहिला. तर या स्टेपनीत हवा असली पाहिजे. ती वापरात नसते म्हणून कुणी हवा बघत नाही, आणि लागते तेव्हा तीही बसलेली असते. नेहमीपेक्षा चार-पाच पौंड जास्त भरून ठेवा. जॅक, पाना आणि पान्याच्या दांड्यात बसेल असा दीड-दोन फुटांचा पाइप घ्या. आपल्या वयाच्या कमरांना त्या पाइपाची गरज आहे. जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा घ्या, कोकणातल्या ओल्या कडेला जॅक सरळ मातीत जातो. अलॉय व्हील असेल तर त्याच्या लॉकचं खास सॉकेट डिकीत आहे याची खात्री करा. त्याशिवाय माझ्यासारखा माणूससुद्धा चाक काढू शकत नाही.

बाकीचं सामान: पाच लिटर साधं पाणी, एक लिटर कूलंट, दोन होज क्लिप, इन्सुलेशन टेप, बाइंडिंग वायर, पक्कड, फ्यूजचा संच, जादा फॅन बेल्ट, जंपर केबल, ओढायचा दोर, डोक्याला लावायचा टॉर्च, परावर्तक त्रिकोण आणि चकाकणारं जाकीट. फ्यूज उडाला तर त्या जागी तार किंवा चांदी लावायची नाही. फ्यूज वायरिंगला वाचवतो, तार गाडी पेटवते. याबरोबर माणसांचं सामान: प्यायचं पाणी, बिस्किटं, शाल, आणि ज्याची त्याची औषधं हाताशी, डिकीतल्या बॅगेच्या तळाशी नकोत. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याला घाटात तीन तास उपाशी बसवणं हा गाडीपेक्षा मोठा बिघाड आहे.

पण सामान असणं आणि ते वापरता येणं वेगळं. एका रविवारी अंगणात स्वतः चाक काढून बसवा. हवेच्या मशीनने आवळलेले नट हाताने सुटतात का, हे तेव्हाच कळतं. नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मग जॅक लावायचा. ज्या मैत्रिणी स्वतः गाडी चालवणार आहेत, त्यांनी हे काम घरच्या पुरुषांवर सोपवू नये. घाटात ते सोबत असतीलच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी थांबली की पहिलं काम गाडीचं नसतं, माणसांचं असतं. चारही इंडिकेटर लावा, जमेल तितकं डावीकडे घ्या, वळणावर थांबू नका, वळण पार करून सरळ जागा गाठा. हॅण्डब्रेक ओढा, चाकाला दगडाची उटी लावा. सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवा आणि रेलिंगच्या पलीकडे किंवा रस्त्यापासून लांब, पण दरीपासून आत, उभं करा. गाडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही. ८० च्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर येते. चालकाला कळून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद गेले, तर ४४ मीटर गेले. म्हणून त्रिकोण गाडीला टेकवून ठेवण्यात अर्थ नाही. मागे ७०-८० पावलं चालत जाऊन ठेवा, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे.

आपल्याकडे दगड आणि झाडाच्या फांद्या टाकायची पद्धत आहे. दुसरं काही नसेल तर टाका. पण गाडी सुरू झाली की ते दगड उचलून कडेला ठेवल्याशिवाय निघायचं नाही. मागे राहिलेला उटीचा दगड रात्री मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. आपली अडचण सुटली म्हणून दुसऱ्याच्या घरी रडारड व्हावी, असं आपल्याला या शाळेने शिकवलेलं नाही.

तीन नंबर कागदावर लिहून काचेला चिकटवा. राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीसाठी १०३३, कुठल्याही आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. घाटात काही ठिकाणी फोन लागत नाही, म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक गाडीने मलकापुरात आणि साखरप्यात थांबायचं. साखरप्यात सगळ्या १४ गाड्या मोजल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. मी सगळ्यात शेवटच्या गाडीत असेन, सामान घेऊन.

एक गोष्ट सांगतो आणि संपवतो. एक गिऱ्हाईक बायकोबरोबर संध्याकाळी परत येत होतं. बाई म्हणाल्या, कसला तरी गोड वास येतोय. साहेब म्हणाले, साखर कारखाना असेल. आपल्या भागात हे उत्तर कुणालाही पटेल. थोड्या वेळाने बाई परत म्हणाल्या. साहेब म्हणाले, तुला गाडीतलं काय कळतं? तिसऱ्यांदा त्या बोललयाच नाहीत. तो वास कूलंटचा होता. कूलंटला गोडसर वास असतो. काहीशे रुपयांचा पाइप फुटला होता. घर जवळ आलंय म्हणून ते तसेच पुढे आले, आणि गॅरेजमध्ये आलं ते वाकलेलं हेड.

त्या गाडीत बिघाड ओळखणारं माणूस होतं. त्याचं ऐकणारं माणूस नव्हतं. चालवणाऱ्याला पोचायची घाई असते, म्हणून त्याला काटा दिसत नाही आणि वास येत नाही. तेव्हा आपल्या सहलीपुरता एक नियम करू. काट्यावर लक्ष शेजारी बसलेल्याने ठेवायचं. आणि मागे बसलेल्या कुणीही, मग ते आपले सर असोत की कुणाची नात, "कसला तरी वास येतोय" किंवा "आवाज येतोय" म्हटलं, तर चालवणाऱ्याने वाद घालायचा नाही. बरी जागा बघून थांबायचं, उतरायचं, बघायचं. दहा वेळा काही निघणार नाही. अकराव्या वेळेसाठी ते दहा थांबे आहेत. गणपतीपुळ्याला जेवण तासभर उशिरा झालं, तर समुद्र कुठे जात नाही.

पुढच्या दोन्ही रविवारी सकाळी ९ ते १ माझं गॅरेज फक्त आपल्या बॅचच्या गाड्यांसाठी उघडं राहील. तपासणीचे पैसे नाहीत. अट एकच, चाक तुम्ही स्वतः काढायचं आणि स्वतः बसवायचं. मी खुर्चीवर बसून बघणार, चहा माझ्याकडून.